बोटाला दिलेली सवड

५ ऑक्टोबर, रविवार

आज करंजाड्याला अप्पांकडे ऑफिसचा टचवाला लॅपटॉप घेऊन गेले होते. शुक्रवारी निशांतने तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सुचित्रा मॅम, हे आता तुमचं. फेब्रुवारीअखेर." निशांत चौतीस वर्षांचा आहे, माझा साहेब आहे. मी सेहेचाळीस. 'हे तुमचं' म्हणजे हे जमलं नाही तर पुढे तुमचं काही नाही, एवढं मला कळतं.

म्हणून ही वही. ऑफिसच्या फाइलमध्ये शंका लिहिता येत नाहीत. तिथे कामासमोर 'पूर्ण' नाहीतर 'अपूर्ण' एवढंच लिहायचं असतं.

आमचं सॉफ्टवेअर संगणकाच्या पडद्यावर काय, कुठे आणि कसं दिसावं ते ठरवतं. आजवर ते माउसवर चाललं, आता बोटांवर चालवायचं आहे. बोट टेकवून उचललं की उघडायचं, टेकवून ठेवलं की यादी आणायची, दोन बोटं फाकवली की चित्र मोठं, तीन सरकवली की दुसरी खिडकी. अडचण अशी की बोट टेकतं तेव्हा त्याच्या मनात पुढे काय आहे ते मशीनला ठाऊक नसतं. क्षणभर थांबून बघावं लागतं. किती थांबायचं, हे ठरवणं म्हणजे माझं काम.

ऑफिसात सगळी विशी-तिशीतली बोटं. मला वेगळा हात हवा होता. माझे वडील, अप्पा, अठ्ठ्याहत्तरचे. वाशीच्या फळबाजारात एका आडत्याच्या गाळ्यावर चाळीस वर्षं त्यांनी आंब्याचे सौदे केले. पेटी न उघडता, नुसत्या वासावर, कुठल्या थरात नासका आंबा आहे ते सांगायचे. गाळ्यावर सगळे म्हणायचे, हौसेरावाला फसवायचं तर आधी त्याला सर्दी व्हायला पाहिजे.

"ह्ये दाबायचं?"

"दाबायचं नाही अप्पा, टेकवायचं."

"आगं, टेकवून कुनाला काय कळतंय? दाबल्याबिगर सौदा हुतो व्हय?"

मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली माझी बोटं दाबली. बाजारात भाव असाच ठरायचा. शेजारी उभा असलेल्यालाही कळायचं नाही, फक्त त्या दोन हातांना कळायचं.

"किती?"

"चार."

"साडेचार. अंगठ्याचं कांडं इसरलीस."

"आणि भाव पटला नाही तर?"

"मग हात काढून घ्यायचा. बोलायचं न्हाय. हात गेला म्हंजी सौदा मोडला. त्याच्यावर पुन्यांदा इचारायचं नसतं."

चाळीस वेळा बोट टेकवून घेतलं. टेकवून उचलायला त्यांना सरासरी दोनशे साठ लागतात, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांपैकी दोनशे साठ. आमची मर्यादा तीनशेची. ती नऊ वेळा ओलांडली गेली आणि नको असलेली यादी समोर आली. "तुजं मशीन लई घाईत हाय," अप्पा म्हणाले.

८ ऑक्टोबर

मीटिंगमध्ये म्हटलं, वयस्कर बोटांसाठी मर्यादा वाढवू या.

"मॅम, आपला यूजर पंचवीसचा आहे."

"हे लॅपटॉप बँकांच्या काउंटरवर जाणार आहेत. तिथे पेन्शनवाले येतात."

निशांतने जरा विचार केला. "ठीक आहे. पण सेटिंग नको. सेटिंग कोणी उघडत नाही. आपोआप झालं पाहिजे, त्याला कळताही कामा नये."

पहिल्यांदाच त्याचं म्हणणं मला मनापासून पटलं. म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच मशीनने 'तू हळू आहेस' असं का सांगावं? हेच मी सगळ्यांसमोर बोलले. अबोली, आमची चाचणी करणारी मुलगी, माझ्याकडे बघून हसली. बरं वाटलं. या वयात एका पंचवीस वर्षांच्या पोरीच्या हसण्याने बरं वाटतं, हेही लिहून ठेवते.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दिलीपदादा चिंचवडहून करंजाड्याला आला. ओवाळून झालं, आणि ताट आत ठेवायच्या आधीच त्याने विषय काढला.

"सुचे, अप्पांचं चालणं बघितलंस का? पाय घासत चालतात."

"चप्पल मोठी झालीय त्यांना."

"आणि फोनवर आवाज किती खोल येतो!"

"फोन जुना आहे."

"तुझ्याकडे सगळ्याला उत्तर आहे. मी घेऊन जातो त्यांना. आई गेल्यापासून दोन वर्षं एकटे आहेत, बास झालं."

अप्पा खुर्चीतून म्हणाले, "मी काय पेटी हाय, उचलून न्यायला? हिथं सकाळची माजी चार मानसं हायती. तुज्या चौदाव्या मजल्यावर काय कबुतरांसंगं बोलू?"

आम्ही दोघंही हसलो. अप्पा हसले नाहीत. विनोद करून स्वतः कोरडं राहायचं, ही त्यांची कला हल्ली फारच साधली आहे.

"दादा, ते लॅपटॉप चालवतात," मी म्हटलं.

"त्याचा काय संबंध? गॅस चालू राहिला म्हणजे?"

"डोकं, डोळे, हात, तिन्ही लागतात त्याला. मी दर रविवारी मोजते. काही बिघडलं तर सगळ्यात आधी मला कळेल."

शेवटी ठरलं ते असं: फेब्रुवारीपर्यंत अप्पा इथेच राहतील. मग माझे आकडे बघायचे आणि कायमचं ठरवायचं. जाताना अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, मला ह्या घरातनं हलवू नगंस." आईने लावलेली तुळस गॅलरीत आहे. तिला पाणी घालायला गेले आणि तिथेच थोडी उभी राहिले.

इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिते. अप्पांना दादाकडे करमणार नाही. ते दोन महिन्यांत परत निघतील आणि मग माझ्याकडे येतील. कोपरखैरण्याच्या दोन खोल्यांत माझी लेक वैदेही आणि मी, त्यात तिची बारावी. शिवाय माझ्या चाचणीलाही ते करंजाड्यातच हवे आहेत. मी अप्पांसाठी भांडले, हे खरं आहे. फक्त त्यांच्यासाठी भांडले, हे खरं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

चाललं! मी त्याला 'सवड' नाव दिलंय. मशीन त्या माणसाचे शेवटचे काही स्पर्श लक्षात ठेवतं आणि आपली मर्यादा त्याच्यापुरती सरकवतं. हात हळू तर मशीन हळू. चाळीसात फक्त एक चूक.

"आता कसं शानं झालं तुजं मशीन," अप्पा म्हणाले. "मानसाचं ऐकून घेतंय."

वीस वर्षांत माझ्या कामाबद्दल कोणी इतकं चांगलं बोललेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

चाळीसात एक चूक. तीन आठवडे रेषा सपाट.

अप्पा आता डाव्या हाताने चालवतात. उजवा टॉवेलाखाली ठेवून बसतात, बाजारातली सवय अजून सुटत नाही. चला, डावखुऱ्यांची चाचणीही आपोआप झाली. मग मीच हट्टाने उजव्या हाताचेही चाळीस स्पर्श घेतले. कुरकुरले, पण दिले.

अंगात टी-शर्ट होता. अप्पांच्या अंगात टी-शर्ट! सदरे कुठे गेले विचारलं तर म्हणाले, "कोन ती बटनं लावीत बसतंय." वैदेहीला फोटो पाठवला. तिने उत्तर पाठवलं, 'आजोबा एकदम हिरो.'

२५ नोव्हेंबर

अबोलीने विचारलं, "ताई, चुकांची रेषा सपाट आहे, पण ही मर्यादेची संख्या दर आठवड्याला वर का जातेय? तीनशे होती, आता उजव्या हाताची साडेतीनशे आहे."

"म्हणजे मशीन शिकतंय. तेच तर हवंय आपल्याला."

"हो, पण कधीतरी शिकून संपायला नको का?"

मी म्हटलं, आपल्याला चुका दाखवायच्या आहेत, मर्यादा नाही. हुशार आहे पोरगी, पण प्रश्न फार विचारते. मीही विचारायचे. मग सोडून दिलं.

७ डिसेंबर, रविवार

नवी कटकट. अप्पांचं बोट पडद्यावर टेकलेलं असतं तेव्हा बारीक थरथर नोंदली जाते. सेकंदाला पाच वेळा, अगदी ठेक्यात. माणसाचा हात इतका नियमित असत नाही. हे विजेचंच असणार. भिंतीतलं अर्थिंग नीट नसलं की चार्जरमधून अशी ढवळाढवळ होते, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. तूर्तास गाळणी बसवली. त्या वेगाची थरथर आली तर मशीनने ती बघितलीच नाही असं समजायचं. रेषा गुळगुळीत झाली.

१४ डिसेंबर, रविवार

अप्पांच्या शेजारच्या शर्मिलाताईंनी त्यांचा इलेक्ट्रिशियन पाठवला. पोपट नावाचा, जासईचा. प्रत्येक सॉकेट उघडून बघितलं त्याने.

"मॅडम, अर्थिंग एकदम बरोबर हाय."

"मग थरथर कुठून येते?"

तो अप्पांकडे बघत होता. अप्पा चहा पीत होते, कप बशीवर किणकिणत होता. "काकांचा कप वाजतोय तो बघा ना," पोपट म्हणाला.

"थंडी आहे. वय झालंय त्यांचं."

"थंडी? पंखा चालू हाय, मॅडम."

अप्पांनी कप खाली ठेवला. "तू वायर बघाया आलास का मला? आँ? झालं काम, निघ आता." पोपट हसत निघून गेला. काम न करता टोमणे मारणारी माणसं मला आवडत नाहीत.

लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवून बघितला असता तर विजेचा दोष आहे की नाही ते दोन मिनिटांत कळलं असतं. नाही बघितलं. गाळणी काम करते आहे, मग कशाला?

४ जानेवारी, रविवार

दार उघडताच जळक्या दुधाचा वास. जिन्यातच आला होता खरं तर. पातेलं काळं ठिक्कर, आणि अप्पा पलीकडच्या खोलीत शांत बसलेले.

"अप्पा, वास नाही आला?"

"टीव्ही बघत हुतो."

टीव्ही बंद होता. पातेलं घासलं, खिडक्या उघडल्या. अप्पा दिवसभर चेहरा दगडासारखा करून होते. रागावले असतील. मला मेलीला दुधावरून बोलायची काय गरज होती?

दादाला कळवलं नाही.

चाळीसात एक चूक.

८ फेब्रुवारी, रविवार

आज निकाल लागला. आमच्या बाजूने.

अप्पांच्या जुन्या गाळ्यावरून सितारामकाकांनी हंगामाच्या पहिल्या पेटीतले सहा हापूस पाठवले होते. मी पिशवी उघडली आणि खोली भरून गेली. अप्पांनी एक आंबा नाकाशी धरला. पुष्कळ वेळ. मग म्हणाले, "चांगला हाय." बास. पूर्वी देठाचा वास घेऊन बागेचा उतार कुठल्या बाजूला ते सांगायचे. माणसाचं मन उडतं शेवटी. चाळीस वर्षं आंब्यातच गेली, आता नकोसा झाला असेल.

दुपारी दादाशी व्हिडिओवर बोलणं झालं. मी आलेख दाखवला. तीन महिने, दर रविवार, चुकांची रेषा सरळ.

"हे वाढत नाहीये?" दादाने विचारलं.

"काहीच वाढत नाहीये."

"म्हणजे हात जसाच्या तसा?"

"हे बघ ना, समोर आहे."

दादाने पडद्याजवळ तोंड आणून आलेख बघितला. मग म्हणाला, "तू इंजिनीअर. तुला जास्त कळतं. राहू देत त्यांना." त्याला वाईट वाटलं, आणि मला जिंकल्यासारखं वाटलं.

अप्पांनी डाव्या हाताने माझा हात धरला.  डोळे भरून आले होते.

आजचा उजव्या हाताचा आकडा सहाशे दहा. मशीन किती समजूतदार झालंय!

२६ फेब्रुवारी

सादरीकरण झालं. निशांत पडद्यासमोर उभा राहून म्हणाला, "एक वयस्कर यूजर, चार महिने, चुका तीन टक्क्यांच्या वर कधीच नाहीत. आणि विशेष म्हणजे, आपल्यासाठी काही बदललंय हे त्याला कळलंसुद्धा नाही." टाळ्या. आभाराच्या यादीत माझं नाव तिसरं होतं. आधीची दोघं या कामात कधी होती, ते मला आठवत नाही. पण सवड रिलीजमध्ये गेली. बँकांच्या हजारो मशीनवर जाईल. नोकरीही राहिली.

घरी येताना वाशीत उतरून अप्पांसाठी बटणं नसलेले चार सदरे घेतले.

३ मार्च

सकाळी सात वाजता शर्मिलाताईंचा फोन. अप्पा दारात पडले. दुधाची पिशवी घ्यायला वाकले आणि सावरता आलं नाही. खुब्याचं हाड मोडलंय. पनवेलच्या हॉस्पिटलात आहेत. उद्या ऑपरेशन.

ताई म्हणाल्या, "हात पुढे टेकले असते तर वाचले असते. पण हात आलेच नाहीत हो पुढे."

७ मार्च

ऑपरेशन नीट झालं. पण भूलतज्ज्ञांना काहीतरी वाटलं म्हणून आज मेंदूविकारांच्या डॉक्टर आल्या. तरुण, शांत बाई. म्हणाल्या, "काका, अंगठा आणि पहिलं बोट असं पटपट जुळवा. टिक टिक टिक."

डाव्या हाताने जमलं, संथ. उजव्याने पहिल्यांदा जुळलं, दुसऱ्यांदा अर्धं, मग बोट हवेतच राहिलं. डॉक्टरांनी हात मांडीवर ठेवायला सांगितला. टॉवेल नव्हता. हात आपोआप थरथरू लागला. सेकंदाला पाच वेळा, अगदी ठेक्यात. मला मोजायची गरज पडली नाही.

त्यांनी विचारलं, चेहऱ्यावरचे भाव कमी झालेत का? बटणं लावायला त्रास? पाय घासतात? आवाज खोल? वास येईनासा झालाय? एकेक प्रश्न माझ्याच वहीतून वाचत असल्यासारख्या विचारत होत्या.

"कधीपासून आहे हे?"

अप्पा म्हणाले, "पडलो तवापासनं."

दादाने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे तारखा होत्या. प्रत्येक रविवार, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. मी म्हटलं, "लक्षात नाही आलं."

"पार्किन्सन आहे. सहा महिने तरी झाले असतील. आधी आला असता तर गोळ्या सुरू केल्या असत्या, चालण्याचे व्यायाम दिले असते. पडणं टळलंही असतं कदाचित."

कदाचित. डॉक्टर दयाळू होत्या.

बाहेर दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "मी चप्पल बघितली होती सुचे, आणि तू मला आलेख दाखवलास."

१० मार्च

अबोलीला मर्यादेची संख्या छापून द्यायला सांगितली. तीनशे. तीनशे वीस. साडेतीनशे. चारशे तीस. सहाशे दहा. शेवटच्या रविवारी सहाशे ऐंशी. चढ असा की दोन मैलांवरून दिसावा. मी तो जिना पायरी पायरीने बांधला आणि त्याच्यावर सपाट पत्रा ठोकला. अबोली उठली. माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

निशांतकडे गेले. म्हटलं, एवढंच करू या. कोणाची मर्यादा महिनोन् महिने वाढतच गेली तर मशीनने त्या माणसाला ते सांगावं. एक साधी ओळ. एकदा डॉक्टरांना दाखवा म्हणून.

त्याने ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो. "मॅम, वडिलांचं कळलं. सॉरी. पण आपण डॉक्टर नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच मशीनने 'तू हळू आहेस' असं सांगितलेलं कसं वाटेल? हे तुमचंच वाक्य आहे."

आठ ऑक्टोबरचं पान उघडलं. माझंच आहे.

१५ मार्च, रविवार

उद्या दादा अप्पांना चिंचवडला नेणार. कायमचं. करंजाड्याच्या घराची किल्ली शर्मिलाताईंकडे दिलीय. तुळस त्यांनी नेली.

आज हॉस्पिटलात लॅपटॉप नव्हता. पाच महिने दर रविवारी असायचा.  दादा बिलाच्या खिडकीवर होता.

"टॉवेल दे," अप्पा म्हणाले.

दिला. त्यांनी तो आमच्या दोघांच्या हातांवर ओढायचा प्रयत्न केला. मी ओढून घेतला.

"करंजाड्याला कवा न्हेतीस? बोटानं सांग. दिलीप आला तर त्याला ऐकू जायाला नगं."

टॉवेलाखाली त्यांचा उजवा हात होता. मुद्दाम उजवाच दिला होता. आधी नुसती थरथर. मग हळूहळू एक बोट माझ्या बोटावर आलं, दाबलं गेलं. मग दुसरं यायला लागलं. मी थांबले. सहाशे, सातशे, हजार, दोन हजार, कसलीच मर्यादा नव्हती. दुसरं बोट आलं. दोन. दोन महिने म्हणाले ते, की दोन आठवडे, कोण जाणे.

आता माझी पाळी होती. एक बोट दाबलं असतं तरी त्यांना पुरलं असतं. पण ते खोटं झालं असतं, आणि ह्या हाताशी मी खूप खोटं बोलले आहे. हात काढूनही घेता येईना. मी नुसती धरून बसले. अप्पा माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. बाजारात बघत नाहीत, हात काय म्हणतो तेवढंच ऐकतात.

मग त्यांचाच हात निघाला. अंगठा, मग बोटं, मग तळवा. किती वेळ लागला ते मी मोजलं नाही.

दादा पावत्या घेऊन आत आला. "काय चाललंय बापलेकीचं टॉवेलाखाली?"

"काय न्हाय," अप्पा म्हणाले. "हिला आकडं शिकवीत हुतो. हिला काय ते जमंना."